माणसं नसलेलं बाहुलीघर

वाशी,
१२ जुलै १९७९

ती. सौ. वहिनीस,
चारूचा सा. न.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. वेळ नव्हता असं म्हणवत नाही, कारण इथे वेळेशिवाय दुसरं काही नाही. हे सकाळी खाडीपूल ओलांडून फोर्टात ऑफिसला जातात ते अंधार पडल्यावर येतात. आमच्या इमारतीतले निम्मे ब्लॉक अजून कुलूपबंद आहेत. गॅलरीतून खाली पाहिलं की रेती, विटा, चिखल आणि लांबवर खाडी. गिरगावात शेजारणीने फोडणी दिली की आपल्याला शिंका यायच्या, तेव्हा वैतागायचे. आता कुणाच्या फोडणीचा वास आला तर दार उघडून उभी राहते.

तू हसशील म्हणून आजवर लिहिलं नव्हतं. मी बाहुलीघर बांधते आहे. समोरच्या इमारतीत सुतारकाम चालू आहे, तिथून फळ्यांचे तुकडे मागून आणले. चहाच्या पेटीचा प्लायवूड भिंतींना लावला. एक माजघर, एक स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि जिना. जिना तीनदा मोडला. चौथ्यांदा जमला तेव्हा वहिनी, मी एकटीच टाळ्या वाजवत होते.

ह्यांना दाखवलं. म्हणाले, छान आहे, पण गॅलरीत पसारा नको. तेव्हापासून ते पलंगाखाली असतं आणि हे गेले की बाहेर येतं.

खिडक्यांना जाळी करायची आहे. तिकडे खराट्याला लागतात ते माडाचे हीर मिळतात, बारीक बघून थोडे पाठव. आईच्या गुडघ्यांचं कसं आहे? दादाला नमस्कार, मुलींना आशीर्वाद.

तुझी,
चारू


देवरुख,
३ ऑगस्ट १९७९

सौ. चारूवन्संना,
यशोदेचे आशीर्वाद.

पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी रात्री ह्यांनाही वाचून दाखवलं. तुमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. माणूस मन कुठेतरी रमवणारच. मी सोमवारी मार्लेश्वराला जाऊन आले. काय बोलले ते लिहीत नाही, बोलल्याने फळ जातं म्हणतात.

हीर पाठवले आहेत. सोबत खणाचे तुकडे आहेत, त्याच्या गाद्या-उशा होतील. मधलीने चिंध्यांचं एक तान्हं बाळ केलंय, तेही ठेवलं आहे. पाळणा तुम्ही करालच.

सासूबाईंचे गुडघे आहेत तसेच. हात धरून उठवावं लागतं. धाकटी मीना आता सहा वर्षांची झाली. तुमचं बाहुलीघर ऐकल्यापासून मला वाशीला न्या म्हणून पाठीस लागली आहे. पोर गुणी आहे, जेवणाखाण्याची तक्रार नाही, कुठेही राहील.

तुमची,
वहिनी


वाशी,
१८ फेब्रुवारी १९८०

ती. सौ. वहिनीस सा. न.

संक्रांतीचा तिळगूळ पोचला. हीर फार कामाला आले. सगळ्या खिडक्यांना जाळ्या झाल्या. काड्यापेट्या एकावर एक चिकटवून कपाट केलं, त्याचे खण उघडतात-मिटतात. दोऱ्याच्या रिळांची स्टुलं, सिगरेटच्या चांदीचा आरसा. आईस्क्रीमच्या काड्या तासून जमीन केली आणि तिला लाखेचं पॉलिश दिलं. तू बघितलंस तर तुलाही त्यात राहायला जावंसं वाटेल.

बाळ मात्र मी त्यात ठेवलेलं नाही. मधलीला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल. वहिनी, तू समजतेस तसं ते नाही. हे घर मी मूल नाही म्हणून बांधत नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, रडणं झालं, आणि ते सगळं संपूनही पुष्कळ दिवस झाले. माझं असं आहे, की देवरुखला होते तेव्हा कुठली वस्तू कुठे ठेवायची ते आई ठरवायची. गिरगावात सासूबाई ठरवायच्या. इथे हे ठरवतात. ह्या घरात खुर्ची खिडकीशी ठेवायची की भिंतीशी, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. एवढंच.

वाशीगावातली शेवंताबाई मासळी घेऊन दारावर येते. परवा तिने पाहिलं. टोपली उतरवून उकिडवी बसली आणि आत डोकावून म्हणाली, ‘‘घर झ्याक हाय गो बाय. पन मानसं नाय त्यात, म्हनून चांगलं दिसतं.’’ आम्ही दोघी खूप हसलो.

तुला पुन्हा दिवस गेलेत असं दादाने लिहिलंय. ह्या वयात जपून राहा. पाणी शेंदू नकोस.

चारू


देवरुख,
२ डिसेंबर १९८०

सौ. चारूवन्संना आशीर्वाद.

तुमच्या दोन पत्रांना उत्तर राहिलं. बाळंतपण अवघड गेलं. पण देवाने ऐकलं, मुलगा झाला. नाव नंदकिशोर ठेवलंय. सासूबाई त्याला मांडीवरून खाली ठेवत नाहीत. मला अजून अंथरुणातून उठलं की घेरी येते.

घरात आता एवढी तोंडं, आणि लक्ष द्यायला मी एकटी. मीनाचे सगळ्यात जास्त हाल होतात. थोरल्या दोघी कामाच्या झाल्या, बाळ सगळ्यांचं लाडकं, ही मधल्यामध्ये. गणपतीत तुमचे जयप्रकाशराव आले होते तेव्हा तिला कडेवर घेऊन बाजारात गेले, तिच्यासाठी रिबिनी आणल्या. म्हणाले, आमच्याकडे अशी एक असती तर घराला घरपण आलं असतं. मग ह्यांच्याशीही ओटीवर बराच वेळ बोलत बसले. तुम्हाला बोलले असतीलच.

तुम्ही कितीही नाही म्हटलंत वन्सं, तरी बाईचं मन बाईला कळतं.

वहिनी


वाशी,
९ एप्रिल १९८१

वहिनीस सा. न.

मला कुणीही काही बोललेलं नव्हतं. गणपतीपासून तुमचं सगळ्यांचं ठरलेलं आहे आणि मला ते काल रात्री जेवताना कळलं. हे म्हणाले, जूनपासून मीना इकडे येते आहे, शाळेत विचारून ठेवलंय. मी म्हटलं, कुणाला विचारून? तर म्हणाले, ‘‘तुला दुसरं काय हवं होतं? दोन वर्षं बाहुल्यांशी खेळते आहेस.’’

वहिनी, मला मूल सांभाळायचं नाही. तुला वाटेल ही कसली बाई. पण मीना म्हणजे गाईचं वासरू नव्हे, की ह्या गोठ्यातून त्या गोठ्यात बांधलं. तिला विचारलंत का? आई नसलेली पोर असती तर मी एका शब्दाने नाही म्हटलं नसतं. तिला आई आहे.

दादाला हे पत्र दाखव. मी त्याला वेगळं लिहीत नाही.

चारू


देवरुख,
२ मे १९८१

सौ. चारूवन्संना आशीर्वाद.

एवढं मनाला लावून घ्यायला काय झालं? मीना सुट्टीपुरती येते आहे. आत्याकडे भाची येऊ नये का? हे तिला सोडायला येतील. आंब्याची एक पेटी सोबत पाठवते. तिला खाली झोपवलं तरी चालतं.

वहिनी


वाशी,
१० जून १९८१

वहिनीस,

दादा पोचला असेलच. तो सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

तो मीनाला घेऊन आला तेव्हा त्याच्या पिशवीत तिचा शाळेचा दाखला होता. दुसऱ्या दिवशी मी पाणी भरत असताना दादा आणि हे तिला घेऊन गेले आणि नाव घालून आले. तिला सांगितलं, शाळा बघायला जाऊ. तिसऱ्या दिवशी पहाटे, ती झोपलेली असताना, दादा निघून गेला. मी म्हटलं, तिला उठव, तिला सांग. तो म्हणाला, उठवली तर रडेल.

ती रडली नाही. उठली, घरभर फिरली, संडासाचं दार वाजवून बघितलं, मग गॅलरीत जाऊन उभी राहिली. दुपारी जेवायला बोलावलं तर म्हणाली, बाबा आले की जेवते. संध्याकाळी मी तिला खरं सांगितलं, कारण कुणीतरी सांगायला हवं होतं. तेव्हा तिने एवढंच विचारलं, ‘‘बाळ झालं म्हणून का?’’

ह्याचं उत्तर तू द्यावंस. तिला पत्र लिही.

बाहुलीघर मी माळ्यावर टाकलं आहे. ते पलंगाखाली होतं त्या जागी आता तिची गादी असते.

चारू


वाशी,
३० नोव्हेंबर १९८१

वहिनीस सा. न.

माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही. मीना रोज पोस्टमनची वाट बघते. निदान तिच्या नावाने चार ओळी तरी धाड. ती लिहिते ती पत्रं मी न वाचता पाकिटात घालते, तेव्हा काय लिहिते ते मला माहीत नाही.

दिवाळीत माळा झाडताना तिला बाहुलीघर सापडलं. तिने मला न विचारता खाली उतरवलं नाही. ‘‘आत्या, हे माझं नाही ना?’’ म्हणाली. मी म्हटलं, नाही, माझं आहे. तर म्हणाली, ‘‘मग मी नुसतं पुसू का?’’ आणि कपडा भिजवून आणून जिन्याची एकेक पायरी पुसत बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. वहिनी, तिचा हात माझ्यासारखा आहे. घाई नाही.

चारू


वाशी,
६ मार्च १९८३

ती. सौ. वहिनीस सा. न.

गेल्या वर्ष-सव्वा वर्षात तुझी दोनच कार्डं आली. तरी मी लिहीत राहिले. आजचं पत्र जरा बसून वाच, आणि दादालाही बसव.

आता आमचं दिवसाचं असं असतं. ती शाळेतून आली की दप्तर ठेवते, हातपाय धुते आणि आम्ही बाहुलीघर बाहेर काढतो. मागच्या अंगाला तिने तिसरी खोली काढली, सगळी तिची. रंग तिनेच निवडला, जर्द पिवळा. मी म्हटलं, डोळ्यांत जाईल. म्हणाली, जाऊ दे. आता मला तोच आवडतो. शेवंताबाईने शिंपल्या आणून दिल्या, त्यांची तिने मोरी केली. इमारतीतल्या बायका बघायला येतात. आता इथे सगळे ब्लॉक भरलेत, खाली दुकानं झाली. शेजारच्या बाई विचारतात, तुमची मुलगी का? पहिल्यांदा मी भाची म्हणून सांगायचे. आता हो म्हणते. मीना ऐकते, आणि मागच्या महिन्यात शाळेच्या निबंधात तिने माझं नाव आई म्हणून लिहिलं. मास्तरीणबाईंनी मला बोलावून दाखवलं.

मी एकेकाळी तुला काय लिहिलं होतं ते मला आठवतं. ते तेव्हा खरं होतं. आज हे खरं आहे. तिला ह्या घरातून त्या घरात कुणी पुन्हा हलवू नये. दत्तकाचे कागद करून टाकू. मी ह्यांना सांगितलंय, ते बघू म्हणाले आहेत. तुम्ही दोघं हो म्हणा. तुझी मुलगी तुझीच राहील, सुट्टीत येईल. माझी एवढीच मागणी आहे.

चारू


देवरुख,
२५ मार्च १९८३

सौ. चारूवन्संना आशीर्वाद.

पत्र पोचलं. कागदबिगद काही नको. लोक म्हणतील पोटची पोर लिहून दिली.

आणखी एक कळवायचं आहे. पंधरा दिवसांपूर्वी सासूबाई परसात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. रत्नागिरीला नेलं होतं, पण डॉक्टर म्हणाले, ह्या वयात आता उठणं कठीण. सगळं अंथरुणात चाललंय. थोरलीचं लग्न वैशाखात आहे. मधलीला चिपळूणच्या शिवणक्लासात घातलंय. बाळ अडीच वर्षांचा, नुसता धावतो. माझी कंबर धरली आहे.

परीक्षा झाली की मीनाला पाठवा. आता दहा वर्षांची झाली, आजीजवळ बसायला, पाणी द्यायला, भांडं सरकवायला हाताशी होईल. हे लग्नाची खरेदी करायला मुंबईत येणार आहेत, तेव्हा घेऊन येतील.

वहिनी


वाशी,
२ एप्रिल १९८३

वहिनीस,

आईचं ऐकून मी सुन्न झाले. पण मीना जूनपासून चौथीत जाईल, स्कॉलरशिपला बसवायची म्हणून बाई तिच्यावर मेहनत घेतायत. तिची शाळा सोडवून तिला म्हातारीची भांडी धुवायला लावणार? बाई ठेव. गावात रखमा आहे, ती मोकळी असते. नाहीतर आईला इकडे आणा. मी सगळं करीन. फक्त आमचा ब्लॉक तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद, त्यामुळे तिला वर कसं आणायचं तेवढाच प्रश्न आहे. तो सुटेपर्यंत मी स्वतः येऊन राहते. पण मीनाला हलवू नका. तुझ्या पाया पडते.

चारू


देवरुख,
११ एप्रिल १९८३

सौ. चारूवन्संना,

जिन्याचं कारण मला सांगू नका. हे परवा मुंबईत जयप्रकाशरावांना ऑफिसात भेटले. ते म्हणाले, आजारी माणसाचं आमच्याकडे जमणार नाही, आणि चारूला तिकडे पाठवणंही जमणार नाही, माझ्या डब्याचं काय? मीनाला खुशाल न्या, असंही तेच म्हणाले. दत्तकाचं त्यांच्या मनात कधी नव्हतंच.

तुम्ही लिहिता, म्हातारीची भांडी. वन्सं, ती म्हातारी तुमची आई आहे, माझी नव्हे. मी अठराव्या वर्षी ह्या घरात आले तेव्हापासून तिचं करते आहे. तुम्ही लग्न करून गेलात त्या वर्षापासून किती दिवस येऊन राहिलात? तुम्हाला घर-घर खेळायला वेळ होता. माझ्यापुढे भरलेलं घर होतं, ते पलंगाखाली सरकवता येत नव्हतं. पोर मी तुम्हाला सुखासुखी दिली नाही. मला चौघं उचलवत नव्हती म्हणून दिली. तिची पत्रं यायची ती मी चुलीशी बसून वाचायचे आणि उत्तर लिहायला घेतलं की काय लिहू ते सुचायचं नाही. आता मला तिची गरज आहे. माझी आहे, मी मागते.

वैशाख शुद्ध पंचमीचं लग्न आहे. तुम्ही यावं.

यशोदा


वाशी,
२० जून १९८३

सौ. यशोदावहिनींस,

लग्नाला आले नाही. कारण तुम्हाला माहीत आहे.

दादा मीनाला न्यायला आला तेव्हा ह्या वेळी तिला उठवावं लागलं नाही. तिने आपली पिशवी आपणच भरून दाराशी आणून ठेवली होती. मी ह्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, तुम्ही एक शब्द बोला, ती राहील. हे पेपर वाचत होते. म्हणाले, ‘‘दुसऱ्याची पोर आहे, किती दिवस ठेवणार?’’ मीना तिथेच उभी होती.

मी आता ह्यांचा स्वयंपाक करते, डबा भरते, आणि बोलत नाही. त्यांच्या अजून ते लक्षात आलेलं नाही.

बाहुलीघर ट्रान्सपोर्टने पाठवते आहे. ते तिचं आहे. खोक्यात पेंढा भरला आहे, उघडताना जपा. आईजवळ बसलेली असताना तिला हाताला काहीतरी हवं.

चारुलता


देवरुख,
४ ऑक्टोबर १९८३

सौ. चारूवन्संना आशीर्वाद.

खोकं गणपतीच्या आधी मिळालं. माणसांना झोपायला जागा नाही, ते कुठे ठेवणार? मीनाने पडवीत ठेवलं होतं. बाळाने पहिल्याच दिवशी वरची खोली उपटली. पोरगाच तो. नंतर पावसात पिवळा रंग सगळा ओघळला. आता परसात आहे, कोंबडी त्यात खुडूक बसली आहे. मीनालाच म्हटलं, हाकल तिला, तर म्हणाली, बसू दे.

सासूबाईंच्या पाठीला जखमा झाल्या आहेत. मीना सगळं करते, तोंडातून हूं की चूं नाही. शाळेचं पुढच्या वर्षी बघू.

वहिनी


वाशी,
२६ फेब्रुवारी १९८४

चि. मीनास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

आजीच्या दिवसांना मी आले होते तेव्हा तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. तू सारखी कामात होतीस. तेराव्या दिवशी मी परसात तुला म्हटलं, माझ्याबरोबर चल, तर तू पाण्याची कळशी उचलून आत गेलीस. मी तुझे हात बघितले.

मी तुझ्या आईशी आणि बाबांशी बोलले आहे. आजी गेली, आता तुला अडकवून ठेवायला कारण नाही. आई म्हणाली, तिलाच विचारा, ती येते म्हणाली तर मी अडवणार नाही. म्हणून हे पत्र तुझ्या नावाने लिहिते. काकांची काळजी करू नकोस. त्यांनी नाही म्हटलं तर मी कोपरखैरण्याला वेगळी खोली घेईन. बालवाडीत मला काम मिळतं आहे, मी विचारून ठेवलंय. हे मी कुणालाही न विचारता ठरवलं आहे.

तुला यायचं आहे का? फक्त हो लिही. मी स्वतः न्यायला येईन.

तुझी,
आत्या


देवरुख,
१५ मार्च १९८४

ती. आत्यास,
मीनाचा शि. सा. न.

तुमचं पत्र मिळालं. मी ते आईला दाखवलं नाही. हे पत्र मी माझं मी लिहिते आहे, कोणी सांगितलेलं नाही.

मला वाशीला आणलं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. परत नेलं तेव्हाही विचारलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी येणार नाही.

तुम्हाला वाटेल मी रागावले आहे. मी रागावले नाही. तुमच्याकडे मला सगळ्यात जास्त आवडायचं. म्हणूनच येणार नाही. पुन्हा मला आवडायला लागेल आणि पुन्हा कोणीतरी न्यायला येईल. इथे मला आवडत नाही, तर इथून कोणी नेलं तरी काही होणार नाही.

आजी शेवटी शेवटी मला चारू म्हणून हाक मारायची. मी ओ द्यायचे.

वाशीच्या शाळेतला माझा दाखला पाठवा. बाबा म्हणालेत, जूनमध्ये इथल्या शाळेत नाव घालतील. नाही घातलं तर मी स्वतः जाऊन घालणार आहे. हेडमास्तर आमच्याच गल्लीत राहतात.

तुमच्या कपाटात माझे तीन फ्रॉक राहिलेत. ते शेवंताबाईंच्या नातीला द्या. मला आता ते होणार नाहीत.

मीना